मामाचा हुकूमशहा

माझा मामा लालबागचा. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मालवणकडून येऊन गिरणीत लागले आणि गिरणीतच संपले. मामाने ती चूक केली नाही. त्याने दुसरी केली. संपानंतर गिरण्यांची दारं बंद झाली तेव्हा तो कुवेतला गेला, एअरकंडिशनर बसवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर झाला आणि थोड्याच वर्षांत मामीला आणि माझ्या मामेबहिणीलाही घेऊन गेला. चाळीत त्यांचा मोठा रुबाब होता. सुट्टीला आले की मामीच्या अत्तराचा वास असा पसरायचा की जिन्यावरून आत्ता कोण गेलं ते कुणाला सांगावं लागायचं नाही.

मग नव्वद साली शेजारच्या देशाच्या हुकूमशहाने कुवेत गिळून टाकलं. मामा, मामी आणि दहा वर्षांची मामेबहीण बसने वाळवंट ओलांडून, जॉर्डनच्या सरहद्दीवर तंबूत राहून, सरकारने पाठवलेल्या विमानाने मुंबईत आली. आईबरोबर मीही विमानतळावर गेले होते. मामाच्या हातात एक पिशवी होती. मामीने मिक्सरचं भांडं छातीशी धरलं होतं. मोटर कुवेतच्या ओट्यावर राहिली होती. ते भांडं तिने का आणलं हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

पहिल्या वर्षी मामा ही हकीकत चार वाक्यांत सांगायचा. सैनिकांनी बस थांबवली, पासपोर्ट बघितले, घड्याळ काढून घेतलं, जा म्हणाले. बस्स. पण ऐकणाऱ्यांचं समाधान होत नसे. "एवढंच?" असं लोक विचारत, आणि त्यांच्या आवाजात अशी निराशा असे की जणू तिकीट काढून आले होते. मामा मुळात भिडस्त. त्याला कुणाला नाराज करवेना. दुसऱ्या वर्षी सैनिकाने त्याच्या छातीला बंदूक लावली. तिसऱ्या वर्षी बससमोर रणगाडा आडवा आला. त्यानंतर दर गणपतीत, आरती होऊन मोदक वाटून झाले की एकेक रणगाडा वाढायचा. कुवेत सुटल्यावर मामा पुन्हा तिथेच, त्याच कंपनीत, पण आता एकटाच नोकरीला गेला, त्यामुळे हकीकतीला ताज्या मालाचा पुरवठाही होत राहिला. तिकडे हुकूमशहावर नाकाबंदी लागली, त्याची विमानं उडेनाशी झाली, त्याच्या देशात साधी औषधं मिळेनाशी झाली. इकडे लालबागमध्ये मात्र त्याचं सैन्य वर्षागणिक वाढत होतं.

मामेबहीण मामीबरोबर लालबागलाच वाढली आणि पुढे परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. हकीकत सुरू झाली की ती कप गोळा करायला उठायची. मला वाटायचं, दरवर्षी तेच ऐकून कंटाळली असेल.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला तिचं लग्न ठरलं. स्थळ दादरचं. मुलगा इंजिनियर, एअरकंडिशनिंगच्याच कामातला, बोलायला बेताचा. मामाने आपल्या कंपनीत शब्द टाकून त्याला कुवेतला नोकरी लावून दिली होती. वैशाखात लग्न आणि लगेच जोडपं कुवेतला, असा बेत होता. इतकी वर्षं स्वतःच्या हातचं पाणचट कालवण खाल्लेल्या मामाला आता मुलगी-जावई शेजारी येऊन राहणार या कल्पनेनेच भूक लागायची. हॉल कुठला, मेनू काय, बँडवाले हवेत की सनई, सगळं सगळ्यांना विचारून झालं होतं. कुवेतला जायचंय का, हे मामेबहिणीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

मुलाचे वडील राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. सरांच्या मताला दादरमध्ये मान होता, म्हणजे ते मत द्यायचे आणि कुणी अडवायचं नाही. त्या दिवसांत त्यांना उसंत नव्हती. एका महासत्तेने हुकूमशहावर चालून जायचं ठरवलं होतं आणि सगळं जग एकच प्रश्न चघळत बसलं होतं: बारा वर्षांच्या नाकाबंदीने वाळून गेलेला हा माणूस दुसऱ्या देशांना खरोखर धोका आहे का? महासत्ता म्हणत होती, आहे. तपासनीस म्हणत होते, शोधतोय. आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीत ज्यांना शेजारच्या बिऱ्हाडात स्वयंपाक काय झालाय ते कळत नव्हतं, त्यांना त्या देशाच्या तळघरांत काय दडवलंय ते पक्कं ठाऊक होतं. दाढी करताना, इस्त्रीचे कपडे आणताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर बोलताबोलता माणसं मध्येच थांबून म्हणायची, "पण काही म्हणा, आहे त्याच्याकडे काहीतरी."

आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या वाचनालयाचा हॉल आहे. तिथल्या व्याख्यानमालेत सरांचं भाषण ठेवलं. विषय, "दात पडलेला वाघ: जगाला धोका कितपत?" मामा तेव्हा लग्नाच्या तयारीसाठी सुट्टीवर आलेला. होणाऱ्या व्याह्यांचं भाषण म्हटल्यावर आम्ही सगळे गेलो. मामा नव्या सफारीत, मामी, आई, मी, मामेबहीण. पहिल्या रांगेत मुलाची आई बसली होती. बाकी हॉल कानटोप्या आणि मफलरांनी भरलेला. मुंबईला थंडी पडत नाही हे गिरगावातल्या निवृत्त माणसांना अजून कुणी कळवलेलं नाही.

सर छान बोलले. नकाशा होता, छडी होती. त्यांचा मुद्दा असा: बलवान हुकूमशहा विचार करून पाऊल टाकतो, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं पुष्कळ असतं. दुबळ्याकडे गमावण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. म्हणून दुबळा हुकूमशहा हा बलवानापेक्षा अधिक धोकादायक. टाळ्या पडल्या.

आई माझ्या कानाशी आली. "गेल्या वेळी तो बलवान होता म्हणून धोका होता ना?"

"हो."

"आणि आता दुबळा आहे म्हणून धोका?"

"हो."

"मग धोका संपतो कधी?"

"तो मेल्यावर असेल."

"तेव्हा हे त्याच्या मुलांवर बोलतील," आई म्हणाली आणि पुढच्या कानटोपीने मागे वळून बघितल्यावर गप्प बसली.

प्रश्नोत्तरांत एका आजोबांनी हात वर केला. "हे सगळं ठीक आहे. पण आपल्याला काय धोका?"

"तेल," सर गंभीरपणे म्हणाले.

"खायचं की गाडीचं?"

हशा पिकला. सरांना हसणं आवडलं नाही. वातावरण पुन्हा गंभीर करायला म्हणून असेल, किंवा जिला आपण सून म्हणून घरात आणतोय तिच्या लालबागच्या बापाला जरा वर उचलावं म्हणून असेल, त्यांनी जाहीर करून टाकलं की आज आपल्यामध्ये एक प्रत्यक्षदर्शी उपस्थित आहेत, त्या हुकूमशहाच्या जबड्यातून सहीसलामत सुटून आलेले, माझे होणारे व्याही. मामा "नको, नको" म्हणत म्हणत उठला आणि झपाझप स्टेजवर पोचला. त्याला शाल दिली, नारळ दिला. मामाच्या आयुष्यातली ती पहिली शाल. ती अंगावर पडल्यावर त्याच्या आवाजात काहीतरी बदललं.

सुरुवात त्याने नेहमीच्या बसपासून केली. पण हॉल मोठा होता आणि चाळीतल्या खोलीत बसणारे रणगाडे त्याला पुरेनात. ते आले दोन्ही बाजूंनी, क्षितिजापर्यंत. मग हेलिकॉप्टरं आली. ती आजवर कधी नव्हती. मामेबहिणीने माझं मनगट धरलं.

"सांगतात, हुकूमशहा दुबळा झालाय," मामा म्हणाला. सरांचाच धागा त्याने पकडला होता. व्याह्याला साथ देणं कर्तव्यच. "दुबळा? मी त्याला बघितलाय. इथून त्या पंख्याएवढ्या अंतरावरून बघितलाय. त्याचे डोळे जो बघतो तो विसरत नाही. आज त्याच्याकडे विषारी वायू आहे. आमच्याकडे कुवेतला प्रत्येक घरात मास्क आहेत, खिडक्यांना पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. वारा तिकडून सुटला ना, की पाच मिनिटांत सगळं शहर—" आणि त्याने हाताने सपाट केल्याची खूण केली.

 मग टाळ्या. सरांना पडल्या त्यापेक्षा जास्त. हुकूमशहाला मामाने बघितला होता तो भिंतीवरच्या चित्रात, जसा त्या देशातून बस गेलेल्या प्रत्येकाने बघितला होता. पण हे हॉलमध्ये आम्हा चौघींनाच माहीत होतं आणि मामी तर कौतुकाने डोळे पुसत होती.

पहिल्या रांगेत मुलाची आई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिने पदर तोंडाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. फोन आईने घेतला, कारण मामाकडे करण्याइतकी तिची अजून जवळीक नव्हती. ती रात्रभर झोपली नव्हती. एकुलता एक मुलगा, आणि पाच मिनिटांत शहर सपाट. नोकरी नको, कुवेत नको, आणि लग्नाचंही, तिने आवाज खाली आणून सांगितलं, जगाचं काय ते एकदा ठरून जाऊ दे, मग बघू. तोवर हॉल पुढे ढकलता येतो का, विचारून ठेवा.

"जगाचं ठरेपर्यंत?" आई फोन ठेवून म्हणाली. "जगाचं कधी ठरलंय? पोरगी म्हातारी होईल."

मामाला हे कळलं तेव्हा तो आमच्याकडेच बसला होता, शाल घडी करून पिशवीत. सकाळपासून वाडीतले तीन जण येऊन त्याच्याशी हात मिळवून गेले होते. त्याचा चेहरा एकदम उतरला. मग तो म्हणाला, "त्यात काय? जाऊन सांगतो त्यांना, तसं काही नाही म्हणून."

"कसं काही नाही? काल हेलिकॉप्टरं कुणी आणली?" आईने विचारलं.

"अगं ताई, ते भाषण होतं."

रविवारी सकाळी आम्ही दादरला गेलो. मामाने खजुराचा डबा आणि कुवेतची चॉकलेटं घेतली. मामीला घरी ठेवलं, कारण ती भरात येऊन हेलिकॉप्टरांना दुजोरा देईल अशी भीती होती. मामेबहिणीला नेणार नव्हतो. असल्या बोलण्यांत मुलीचं काय काम. ती म्हणाली, "मी येणार," आणि चपला घालून दारात उभी राहिली.

सरांच्या घरी पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत होती. पोहे आले. मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बशी घेऊन बसला आणि पुढे जे झालं त्यात बराच वेळ त्याने पोह्यांवरची नजर हलवली नाही.

मामाने हुकूमशहाला निःशस्त्र करायला सुरुवात केली. जगातल्या तपासनिसांना महिनोन्‌महिने जे जमलं नाही ते त्याने पोह्यांच्या एका बशीत उरकलं.

"वहिनी, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. त्याच्यात आता काय राहिलंय? बारा वर्षं नाकाबंदी. त्याच्या ट्रकांना टायर नाहीत. सैनिकांच्या पायात चपला असतात, त्याही एकमेकांशी न जुळणाऱ्या."

"पण विषारी वायू?"

"वायू असेल हो. वायूचं काय, तो असतोच. पण वायू ठेवायला डबा लागतो. डब्याला झाकण लागतं. झाकणाला रबर लागतं. तिथे कुकरच्या झाकणाचं रबर मिळत नाही, वहिनी. आमच्या कंपनीतली माणसं सांगतात. तो वायू कधीच उडून गेला असेल."

"आणि ते रणगाडे? क्षितिजापर्यंत?"

"गंजले," मामा म्हणाला. "सगळे गंजले."

मुलाच्या आईचा चेहरा जरा सैल झाला. तिने मामाच्या बशीत आणखी पोहे वाढले. प्रकरण तिथे मिटलं असतं. पण सर अस्वस्थ होऊन खुर्चीत पुढे सरकले. स्वतःच्या दिवाणखान्यात, स्वतःच्या पुस्तकांसमोर, त्यांचा सिद्धांत कुकरच्या रबराने उडवला जात होता.

"नाही, नाही. तुमचा मुद्दा नीट लक्षात घेतला तर तो माझ्याच बाजूने जातो," ते म्हणाले. "टायर नाहीत, चपला नाहीत, म्हणजेच तो हताश आहे. आणि हताश माणूस—"

"म्हणजे धोका आहे?" बायकोने विचारलं.

"अर्थातच आहे! मी दीड तास दुसरं काय सांगत होतो?"

"मग मुलाला पाठवायचं नाही."

सर थबकले. मुलाने कुवेतला जावं ही त्यांचीही इच्छा होती; चार लोकांना त्यांनी ते सांगूनही ठेवलं होतं. एकीकडे सिद्धांत, दुसरीकडे मुलगा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"धोका जगाला आहे," ते सावकाश म्हणाले. "कुवेतला तसा नाही."

"कुवेत जगात नाही?" आईने विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या आहे," सर म्हणाले.

मग दोघा व्याह्यांची हुकूमशहावरून चांगलीच जुंपली. गंमत म्हणजे चार दिवसांपूर्वी दोघे एकाच बाजूला होते. आता मामा त्याचा एकेक दात उपटत होता आणि सर तो एकेक दात परत बसवत होते. "व्याहीबुवा, मग परवा स्टेजवर बोललात ते काय होतं?" सरांनी शेवटी विचारलं. "तुम्ही त्याला प्रत्यक्ष पाहिलंय. तुम्ही सांगा. घाबरण्यासारखा आहे की नाही? एका शब्दात."

मामाने तोंड उघडलं. कुठला शब्द येणार होता कुणास ठाऊक. मला वाटतं, त्यालाही ठाऊक नसावं. तेवढ्यात मामेबहीण बोलली.

"पप्पांना नका विचारू. मी सांगते."

ती सोफ्याच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर. आवाज चढलेला नव्हता. लॅबमध्ये रिपोर्ट सांगताना असतो तसा.

"रणगाडा एकही नव्हता. रस्त्यावर दोरी बांधून दोन सैनिक उभे होते. एक तर आमच्या कॉलेजातल्या पोरांएवढा असेल. त्याच्या चपलेला सुतळी बांधलेली होती. त्याने बस थांबवली आणि पप्पांना खाली उतरवलं. पप्पांच्या पिशवीत पाव होते, माझ्यासाठी घेतलेले. त्याने ते मागितले. पप्पांनी लगेच दिले. हसून दिले, वर हात जोडले. त्याने तिथेच उभ्याउभ्या एक पाव खाल्ला. भुकेला होता. खाऊन झाल्यावर त्याने पप्पांच्या थोबाडीत मारली."



"का मारली?" मुलाच्या आईने हळूच विचारलं.

"माहीत नाही. पाव मिळाले होते, घड्याळ मिळालं होतं. पप्पा हसत होते म्हणून मारली असेल. मग दुसऱ्यांदा मारली. मग म्हणाला, जा." तिने पर्सची चेन उघडली, बंद केली. "आता त्याचा साहेब दुबळा आहे की बलवान, ते तुम्ही ठरवा. मला तिथे जायचं नाही. मला कधीच जायचं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही."

सरांच्या तोंडून एक "अं" निघाला. मला खात्री आहे की त्यात सिद्धांताला उपयोगी पडेल असं काही आहे का, हे त्यांचं डोकं तपासत होतं. पण ते बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मामा खाली बघत होता. त्याचा कान लाल झाला होता, एकच कान, जणू आत्ताच लागली होती.

तेव्हा कोपऱ्यातून मुलगा बोलला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य. "मलाही विशेष जायचं नव्हतं. इथे पवईला एक ऑफर आहे. मला वाटलं, हिला जायचंय."

"मला वाटलं, तुम्हाला जायचंय," मामेबहीण म्हणाली.

मुलाच्या आईने डोळे पुसले आणि आत जाऊन चहा टाकला. एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रश्नाचा निकाल असा पाच मिनिटांत लागला. लग्न वैशाखातच, हॉल तोच, कुवेत रद्द.

परत निघताना मामा पुढे चालत होता, आम्ही मागे. फुलबाजाराच्या गर्दीत तो थांबला. आम्ही गाठेपर्यंत तसाच उभा होता, लोकांचे धक्के खात.

"माका वाटला, तू झोपलेली होतंस," तो मामेबहिणीला म्हणाला. एरवी तो तिच्याशी मालवणी बोलायचा नाही.

"तुम्ही बसमध्ये परत चढलात तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, पप्पा."

मामाने मान हलवली. मग समोरच्या बाईकडून दोन गजरे घेतले, एक तिच्या हातात दिला, एक आईच्या. मला दिला नाही. माझे केस तेव्हा कापलेले होते. 

फेब्रुवारीत मामा परत कामावर गेला. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. मामी त्या दिवसांत आमच्याकडेच राहायला आली, कारण आमच्या टीव्हीचं चित्र स्वच्छ होतं. त्यावर हिरव्या अंधारात काहीतरी चमकायचं आणि सुटाबुटातली माणसं सांगायची की हे काय चमकतंय. मामाचा फोन एक दिवसाआड यायचा.

"भोंगो वाजता?" मामी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून विचारायची.

मग मी घेतला की मामा मला सांगायचा, "अगं, काय नाय. गिरणीच्या भोंग्यासारखा भोंगा होतो, आम्ही जिन्याखाली जाऊन बसतो. चहा पितो, पत्ते खेळतो. भोंगा थांबला की वर येतो. सुट्टीच आहे म्हण ना." एकही रणगाडा नाही. हेलिकॉप्टर नाही. मी मुद्दाम विचारलं, "मामा, काही पडलं-बिडलं का जवळ?" तर म्हणाला, "छे! दिवाळीत लालबागला याहून जास्त आवाज असतो."

मे महिन्यात लग्नाला त्याचा एक सहकारी आला होता. जेवणाच्या पंगतीत तो माझ्या शेजारी बसला. त्याच्याकडून कळलं की एक क्षेपणास्त्र शहरात समुद्राकाठी येऊन पडलं होतं, त्यांच्या राहत्या जागेपासून फार लांब नाही. मामा जिन्याखाली तोंडावर ओला टॉवेल धरून बसायचा. भोंगा थांबल्यावरही उठायचा नाही, हाताला धरून वर न्यावं लागे. पत्ते कुणी खेळलं नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. मामा समोर आग्रह करकरून श्रीखंड वाढत होता.

त्या क्षेपणास्त्राची बातमी मात्र सरांपर्यंत पोचली होतीच. लग्नात भेटेल त्याला ते अडवून सांगत होते, "बघा, म्हटलं नव्हतं? धोका होता."

"अहो, चारी बाजूंनी कोंडून झोडपलं तर मांजरही नरडं धरतं," आई म्हणाली. "त्याआधी बारा वर्षं ते पोत्याखाली बसलं होतं ना?"

"विहीणबाई, राज्यशास्त्रात मांजर नसतं," सर म्हणाले. आई मुलीची आत्या, पण त्यांनी तिला त्या दिवसापासून विहीणबाईच करून टाकलं होतं, वाद घालायला हक्काचं माणूस म्हणून.

महिने गेले. हुकूमशहा पळाला, त्याचे पुतळे पडले, महासत्तेने अख्खा देश उलटापालटा करून शोधला. सर्वसंहारक म्हणत ती अस्त्रं काही सापडेनात. आमच्या वाडीत ज्यांना तळघरांची पक्की माहिती होती ते आता पाण्याच्या टाकीवर बोलत होते. सरांचं वाचनालयात पुन्हा भाषण झालं: "अस्त्रं गेली कुठे?" हॉल पुन्हा भरला. सापडत नाहीत यावरूनच ती किती कौशल्याने लपवली असतील याची कल्पना येते, असं सरांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. आपण फसलो, किंवा फसवलो गेलो, किंवा निदान जरा घाई केली, असं त्या हॉलमध्ये कुणी म्हणालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यापेक्षा फार मोठ्या हॉलांमध्येही कुणी म्हणालं नाही. तिकडे माणसं मरत होती ती मरतच राहिली. ती कुणाला धोका होती असं मात्र कधी कुणी सिद्ध केलं नव्हतं.

डिसेंबरात मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं, दादरलाच, सरांच्या घरी. मामा सुट्टी काढून आला होता. रविवारची दुपार उलटली होती. ती हिरव्या साडीत, फुलांच्या मुकुटात, पाटावर बसलेली. बायका ओटी भरत होत्या. आतल्या खोलीत पुरुषांनी टीव्ही लावला होता, आणि एकदम तिथून आरडाओरडा झाला. आम्ही धावलो.

पडद्यावर एक म्हातारा होता. दाढी वाढलेली, केसांच्या जटा झालेल्या. जमिनीतल्या एका खड्ड्यातून त्याला बाहेर काढला होता. हातमोजे घातलेला एक डॉक्टर त्याच्या तोंडात बॅटरी मारून दात तपासत होता, आणि म्हातारा शहाण्या मुलासारखा आ करून बसला होता.

"हा?" आई म्हणाली. "एवढं सगळं ह्याच्यासाठी?"

सरांनी घसा साफ केला. "यात एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे—"

"तुम्ही थांबा हो जरा," त्यांची बायको म्हणाली, आणि सर चक्क थांबले.

मामा टीव्हीच्या अगदी जवळ उभा होता, हातात मठ्ठ्याचा ग्लास. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो हसेल असं मला वाटलं होतं, किंवा शिवी देईल. तेवढा हक्क त्याला नक्की होता.  डॉक्टर म्हाताऱ्याचे केस विंचरून उवा बघत होता.

"आधी याला कुणीतरी आंघोळ घाला रे," मामा म्हणाला. मग ग्लास ठेवून तो गॅलरीत गेला.

मुलाच्या आईने टीव्ही बंद केला. शुभकार्याच्या घरात ते ध्यान नको, म्हणाली, आणि सगळ्यांना बाहेर पिटाळलं. पाटासमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. गॅलरीतून मामालाही बोलावून आणलं. मामेबहिणीने जरा विचार केल्यासारखं करून उजवी वाटी उघडली. बर्फी निघाली. मुलगी होणार म्हणून बायकांनी गलका केला. सर म्हणाले, एकूण लक्षणं पाहता त्यांचा अंदाज पहिल्यापासून मुलीचाच होता, आणि तो का होता हे त्यांनी चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं.

होळीच्या सुमारास मुलगा झाला.